पवनीला हवा वाटाड्या

हिवाळ्याच्या दिवसांत पहाट फुटण्यापूर्वीच नागपूरहून निघालेल्या मोटारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या दारांशी येऊन उभ्या राहतात. पवनी बाजूच्या दारावरही हेच दृश्य असते. उघड्या जीपगाड्यांत घोंगड्या लपेटून बसलेली मंडळी आत जातात आणि ऊन चढू लागले की परततात. वाघ दिसला असेल तर चेहऱ्यावर समाधान असते. नसेल तर हरणांची आणि मोरांची छायाचित्रे असतात. मग चहा होतो, पोहे होतात, आणि मोटारींची तोंडे पुन्हा नागपूरच्या दिशेला वळतात. तेथून काही मैलांवर दोन हजार वर्षांहून जुने एक नगर आहे, त्याच्या तिन्ही अंगांना खंदक आणि चौथ्या अंगाला वैनगंगा आहे, त्याच्या शिवारात या ऋतूत तांबडीभडक मिरची वाळत पडलेली आहे, ही गोष्ट त्या मंडळींना कोणी सांगत नाही. सांगण्याचे काम कोणावर सोपवलेलेही नाही.

जंगलात मात्र तशी व्यवस्था आहे. अभयारण्यात शिरणाऱ्या प्रत्येक वाहनात एक मार्गदर्शक असलाच पाहिजे, असा वनखात्याचा दंडक आहे. हे मार्गदर्शक बहुधा आसपासच्या खेड्यांतले तरुण असतात. त्यांना प्रत्येक फेरीचा ठरलेला मोबदला मिळतो, आणि पगमार्क, पक्ष्यांचे आवाज, झाडांची नावे यांची पुरेशी जाण त्यांना असते. २०१३ साली नागझिऱ्याकडून चालत आलेला आणि एप्रिल २०१६ नंतर कोणालाच न दिसलेला ‘जय’ हा वाघ, त्याचे आईबाप, त्याची पिलावळ यांची वंशावळ यांतला कोणताही तरुण न अडखळता सांगू शकेल. परंतु त्याच तालुक्याच्या गावी सापडलेल्या शिलालेखातला भार कुळातील भगदत्त राजा कोण, असे विचारले तर तो गोंधळून जाईल. यात त्याचा काही दोष नाही. वाघाचे शिक्षण त्याला देण्यात आले, राजाचे देण्यात आले नाही, इतकेच.

मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे. धोरण, आराखडे, कोट्यवधींची तरतूद असल्या भारदस्त शब्दांपुढे तिची काय मातब्बरी? तथापि ज्या ज्या ठिकाणी जुने नगर, पाणी आणि मसाल्याचे पीक ही त्रयी एकत्र आली, तेथे तेथे हीच किरकोळ गोष्ट पुष्कळांच्या चुलीला आधार झाली आहे. गोव्यातील फोंडा तालुक्याच्या कुळागरांत सुपारीच्या सावलीतली मिरवेल, जायफळ, दालचिनी दाखवून पाहुण्याला केळीच्या पानावर जेवू घालण्याचा धंदा चांगला रुजला आहे. पण याचे सर्वांत ठळक, आणि पवनीच्या दृष्टीने सर्वांत बोधक उदाहरण पाहायचे तर समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांजिबार बेटावर जावे लागते.

झांजिबारचे नाव विदर्भातल्या वाचकाला परके वाटेल. त्याचा माल मात्र परका नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे लवंगेची लागवड फोफावली. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानीच मस्कतहून या बेटावर हलवली आणि लवंगेच्या बागांना उत्तेजन दिले. या बागांना भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छी व्यापारी अग्रभागी होते. जयराम शिवजी यांच्या पेढीकडे तर दीर्घकाळ तेथील जकातीचा मक्ताच होता. पुढे १९३७ साली तेथील वसाहती सरकारने लवंगेच्या व्यापारात हिंदी व्यापाऱ्यांची कोंडी केली, तेव्हा राष्ट्रसभेने भारतात झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. भारत हा त्या लवंगेचा मोठा गिऱ्हाईक असल्यामुळे या बहिष्काराची झळ तेथवर पोचली. नागपुरातील कोष्टी विणकरांच्या वस्त्यांत घडलेल्या सावजी रश्श्यात लवंग पडते आणि मिरचीही पडते. पवनी हेही कोष्ट्यांचे, तलम वस्त्राबद्दल एकेकाळी नावाजलेले जुने गाव. त्यामुळे दोन्ही मसाल्यांची गाठ एकाच पातेल्यात पडलेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज झांजिबारला लवंगेवर पोट भरण्याचे दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. तथापि लवंग दाखवून पोट भरण्याची युक्ती तेथील लोकांना साधली आहे. सकाळी पाहुण्याला दगडी हवेल्यांच्या जुन्या शहरात हिंडवतात आणि दुपारी बागेत नेतात. बागेतला तरुण एक पान चुरगळून पाहुण्याच्या नाकाशी धरतो आणि ओळखा म्हणतो. एखादे मूळ खरवडून त्याचा पिवळा रंग बोटाला लावतो. जायफळ फोडून आतली तांबडी जायपत्री दाखवतो, झावळीचा मुकुट विणून डोक्यावर ठेवतो आणि शेवटी मसाल्याच्या पुड्या विकायला मांडतो. यात थोडी नाटकबाजी आहे, हे उघड आहे. परंतु सकाळच्या फेरीत एक थांबा असा असतो की तेथे नाटकबाजी चालत नाही. जुन्या शहरात १८७३ पर्यंत गुलामांचा बाजार भरत असे. तो बंद झाल्यावर त्या जागी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले. लवंगेच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या आणि बेटावर गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८९७ साल उजाडावे लागले, हेही मार्गदर्शक तेथे सांगतो. ज्या सुगंधासाठी पाहुणा आला त्या सुगंधाची किंमत कोणी मोजली, हे त्याला दुपारच्या बागेत शिरण्याआधीच समजलेले असते. या सहलीचे खरे मोल याच क्रमात आहे.

पवनीजवळ यांतले काय नाही?

प्रथम पाणी घेऊ. पवनीला बेट म्हणणे भूगोलाच्या पुस्तकाला मान्य होणार नाही. परंतु ज्यांनी हे नगर वसवले त्यांच्या मनात बेटाचीच कल्पना असावी, असे तेथील रचना पाहता वाटते. तीन बाजूंनी मातीचा प्रचंड तट आणि त्याबाहेर खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगेचे पात्र, आणि तटाबाहेरच्या तलावाचे नाव बालसमुद्र. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावाने आपल्या तळ्याला हे नाव द्यावे, यात त्या काळच्या लोकांची हौस दिसते, आणि थोडा मिश्किलपणाही. तटाच्या भव्य दरवाजातून आत शिरले की गल्ल्या नदीकडे उतरतात. वैजेश्वराच्या घाटावर उभे राहिले म्हणजे पवनीला ‘विदर्भाची काशी’ का म्हणतात, ते सांगावे लागत नाही. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक, सर्वतोभद्र गणेश, येथलाच. म्हणजे भाविकांचा राबता आहे. नाही तो उत्सुक प्रवाशांचा.

इतिहासाची पुंजी तर डोळे दिपवणारी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथाचे मंदिर असलेल्या टेकडीच्या पोटातून एक बौद्ध स्तूप निघाला. जवळच्या चांदकापूरच्या सुलेमान टेकडीतही स्तूप सापडला. व्यासाने हे स्तूप सांचीच्या मोठ्या स्तूपाशी स्पर्धा करणारे आहेत, आणि त्यांचा आरंभ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. पुढे १९९४ मध्ये पुरातत्त्व खात्याने अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली नगराच्या तटभागात पुन्हा खणून पाहिले. एवढ्या महत्त्वाच्या जागेची दखल विद्वानांनी ग्रंथांतून घेतली. सामान्य माणसापर्यंत ती पोचलीच नाही.

स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. ही नावे राजेमहाराजांची नाहीत. कोणी ‘नाग’ नावाचा भिक्खू आहे आणि तो पाचही निकायांचा जाणकार म्हणवतो. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा उल्लेख मोलाचा वाटतो, कारण निकायांची ती विभागणी त्या काळी रूढ होती याचा तो दगडावरचा पुरावा आहे. विसमिता नावाच्या एका स्त्रीने दिलेल्या दानाच्या लेखात सर्व प्राणिमात्रांना सुख व्हावे अशी इच्छा कोरलेली आहे. एका स्तंभावर मुचलिंद नाग आहे. बोधिप्राप्तीनंतर सात दिवस पाऊस कोसळत असता या नागाने बुद्धावर फणा धरला, अशी कथा आहे. परंतु शिल्पात बुद्ध नाही. फणा आहे आणि खाली रिकामे आसन आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत अद्याप पडलेली नव्हती, तेव्हाचे हे काम. ज्या गावाने वैनगंगेचे पूर पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्या गावाला पावसापासून राखणारा नाग आपलासा वाटला असेल तर नवल नाही. ३० आणि ३१ ऑगस्ट २०२० रोजी वैनगंगेने भंडारा शहरासह काठच्या गावांत जो हाहाकार केला, तो पाहिलेल्यांना तर हे शिल्प समजावून सांगण्याचीही गरज पडू नये.

आणखीही कितीतरी आहे. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ पवनीला मिळाला. पश्चिमेकडील क्षत्रपांचा हात विदर्भाच्या पूर्व टोकापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न त्या एका दगडाने विद्वानांपुढे टाकला. भगदत्ताने स्थापलेल्या पादुकापट्टाचा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या लेखणीमुळे अभ्यासकांस परिचित झाला. वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपटही येथलाच. मात्र रुपिअम्माचा स्तंभ पाहायचा असेल तर पवनीकराला नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या ‘अजब बंगल्या’त जावे लागते. मूळ वस्तू सुरक्षित जागी असाव्यात हे मान्य. परंतु निदान त्यांच्या प्रतिकृती, लेखांचे वाचन आणि मराठी अर्थ असलेला एक फलक टेकडीच्या पायथ्याशी उभारणे फारसे खर्चाचे नाही. दगड नागपूरला गेला, अर्थ इंग्रजी ग्रंथात गेला, आणि गावाकडे टेकडी तेवढी राहिली.

आता मसाला. पवनी तालुक्याच्या चौरास पट्ट्यात, म्हणजे नदीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत, आणि पलीकडे नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या शिवारात मिरची हे जुने नगदी पीक. भिवापुरी मिरची तिच्या गडद लाल रंगासाठी नावाजली गेली आणि तिला भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. जून महिन्यात रोपे टाकायची, पाऊस स्थिरावला की पुनर्लागण करायची, थंडी पडू लागली की तोडे सुरू करायचे, आणि तांबडी झालेली मिरची मोकळ्या रानात पसरून उन्हात वाळवायची, असा हा क्रम. पौष-माघात दुरून पाहणाऱ्याला एखाद्याने जमिनीवर लाल लुगडी वाळत घातली आहेत असे वाटावे. जवळ गेले की मात्र पहिली शिंक येते.

गंमत अशी की ज्या मिरचीवाचून वऱ्हाडी-झाडीकडचा माणूस घास गिळत नाही, ती मुळात येथली नव्हेच. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, त्यानंतर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती हिंदुस्थानात आली. जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप तोवर अठराशे वर्षांचा झालेला होता. त्या स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्या भिक्खूंच्या भिक्षापात्रात मिरे पडले असेल, आले पडले असेल; मिरची कधीच पडली नाही. संस्कृतातल्या ‘मरीच’ या मिऱ्याच्या नावावरूनच या नव्या पाहुणीचे नाव पडले आणि तिने चारपाचशे वर्षांत मूळ यजमानालाच स्वयंपाकघरात मागे सारले. एका टेकडीवर उभे राहून एवढी लांबलचक गोष्ट सांगता येईल अशी गावे महाराष्ट्रात कितीशी असतील?

पण ती गोष्ट येथेच थांबवली तर सहल गोड होईल आणि खोटी ठरेल. झांजिबारच्या सहलीत जसा गुलामांच्या बाजाराचा थांबा आहे, तसे पवनीच्या सहलीत दोन थांबे टाळता येणार नाहीत.

पहिला थांबा मिरचीच्या सातऱ्याचा. वाळलेली मिरची व्यापाऱ्याकडे आली की तिचे देठ खुडावे लागतात. ज्या आवारात हे काम चालते त्याला सातरा म्हणतात. पवनी आणि भिवापूर भागात असे सातरे आहेत आणि त्यांवर काम करतात त्या प्रामुख्याने बायका. लाल ढिगाभोवती त्या सकाळपासून बसतात. तोंडावर पदर बांधलेला असतो, बोटे अहोरात्र चुरचुरत असतात, खोकला कामाबरोबरच घरी जातो. मजुरी वजनावर मिळते. जितके देठ खुडावेत तितके पैसे. मिरचीला भाव आला तर त्याची चर्चा बाजारसमितीत होते. देठ खुडण्याचा दर वाढावा, आवारात सावली असावी, मुखवटे आणि हातमोजे मिळावेत, बरोबर आणलेल्या तान्ह्या पोराला ठसका न लागेल अशी निजवण्याची जागा असावी, या मागण्यांची चर्चा कोठे होते? या स्त्रियांचे काम पाहण्यासाठी परक्या माणसांना आणणे म्हणजे त्यांच्या कष्टांचे प्रदर्शन मांडणे होय, असा आक्षेप येईल, आणि तो आक्षेप खोटा नाही. गाडीतून उतरून चार छायाचित्रे टिपून निघून जाणाऱ्यांना तेथे नेऊच नये. परंतु त्याच बायकांपैकी कोणी वाटाडी झाली, भिवापुरी मिरची आणि संकरित मिरची बोटांनी कशी ओळखायची हे तिने दाखवले, स्वतः कुटलेल्या तिखटाची पुडी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने विकली, आणि सहलीच्या शुल्काचा ठरलेला हिस्सा तिच्या बचतगटाकडे गेला, तर प्रदर्शन आणि व्यवसाय यांतला फरक आपोआप स्पष्ट होईल. सातऱ्यात कोणाला, केव्हा आणि किती वेळ येऊ द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांचाच असला पाहिजे.

या सहलीतल्या शेतकऱ्याची बाजूही गुळगुळीत करून सांगण्यासारखी नाही. अस्सल भिवापुरी वाणाखालचे क्षेत्र गेल्या काही दशकांत आक्रसत गेले. चुरडामुरडा रोगाने पाने आकसतात, फुलकिडे आणि कोळी झाडाचा रस शोषतात, औषधफवारणीचा खर्च वाढतो, आणि जास्त उत्पन्न देणारे संकरित बियाणे दारात उभे असते. भौगोलिक निर्देशांकाचे प्रमाणपत्र मिळाल्याने रोग हटत नाही. त्या नावाचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा एखादा गिऱ्हाईक त्या नावाला चार पैसे जास्त देतो. असा गिऱ्हाईक वाघ पाहण्यासाठी रोज सकाळी दारापर्यंत येतो आहे; त्याला शेतापर्यंत आणण्याचे तेवढे बाकी आहे.

दुसरा थांबा धरणाचा. पवनीलगत गोसे येथे वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाचा पायाभरणी समारंभ २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाला. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट. आरंभीचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा आणि पुढचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी. धरणाला तेहतीस दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात ते उघडले की पाहायला गर्दी लोटते. त्या पाण्याखाली काय गेले, हे गर्दीला दिसत नाही. नदीकाठची गावे गेली, आणि त्यांबरोबर गेली ती नदीकाठची गाळाची जमीन. वाडवडिलांनी ज्या मातीत मिरची, वांगी आणि लाखोळी पिकवली ती माती परत देण्याची सोय कोणत्याही पॅकेजात नसते. २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज मंजूर झाले, तरी मोर्चे आणि निवेदने थांबली नाहीत.

याच जलाशयावर आता राज्य शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. बोटी येतील, धक्के बांधले जातील, पाण्यावरचे खेळ येतील. वरच्या अंगाला आंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथेच रचला अशी विदर्भाची परंपरा सांगते. आंबेजोगाईकरांचा दावा निराळा, आणि हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. तेथे आता तारांवर तोललेला नवा पूल झाला आहे आणि त्याच्या उंच सज्जातून जलाशय न्याहाळण्यासाठी लोक येऊ लागले आहेत. हे सर्व स्वागतार्हच आहे. रोजगाराचे नाव निघाले की भंडाऱ्याने नाक मुरडावे अशी परिस्थितीही नाही.

परंतु त्या बोटीत बसलेल्या प्रवाशाला काय सांगितले जाणार, हा प्रश्न आराखड्यातल्या कोणत्याही नकाशावर नसतो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत येते, आणि धरणाने अडवलेल्या पाण्यात साचून राहते. भंडाऱ्याच्या लोकांनी या पाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. म्हणजे नागपूरचा प्रवासी पैसे मोजून ज्या पाण्यावर विहार करणार, त्यात त्याच्याच शहराने धाडलेला ऐवज असणार! बोटीचा मार्गदर्शक बाहेरून आणलेला असेल तर तो हे सांगणार नाही. डोंगर दाखवील, पक्षी दाखवील, सूर्यास्ताची वेळ सांगेल. बुडालेल्या गावातला कोणी सुकाणूपाशी असेल तर त्याचे बोट आपोआप दुसरीकडे जाईल. येथे देऊळ होते, येथे आमचा मिरचीचा तुकडा होता, पाणी उतरले की अजून चिंचेचा बुंधा दिसतो, असे तो म्हणेल. पाहुण्याच्या मनात दुसऱ्या दिवशी यांतले काय टिकेल, हे सांगायला पर्यटनशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून बोटी विकत घेण्याआधी माणसे तयार करणे अगत्याचे आहे, आणि तो क्रम उलटण्याची आपल्याकडे खोड आहे. इमारत आधी बांधायची, तिचे काय करायचे ते मागाहून ठरवायचे. माणसे तयार करणे तितकेसे अवघडही नाही. वनखात्याचा नमुना समोर आहे. त्याच धर्तीवर तालुक्यातील वीस-पंचवीस तरुण-तरुणी निवडाव्यात, त्यांत प्रकल्पग्रस्त कुटुंबांना आणि सातऱ्यावरच्या बायकांना अग्रक्रम द्यावा. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाने त्यांना टेकडीवर नेऊन लेख वाचायला शिकवावे, कृषी खात्याने वाणांची ओळख करून द्यावी. त्यांनी बोलावे ते मात्र त्यांच्या झाडीबोलीच्या ढंगात. शहरी मराठीचा मुलामा चढवण्याचा आग्रह कोणी धरू नये. रुयाड-सिंदपुरीच्या नव्या महास्तूपाकडे देशोदेशीचे बौद्ध उपासक येतात. त्यांतल्या एखाद्याने जगन्नाथ टेकडीचा रस्ता विचारला आणि कोणी शाळकरी मुलीने त्याला विसमितेचे नाव सांगितले, तर ती सरकारी जाहिरातीच्या शंभर फलकांहून मोठी जाहिरात होईल.

दिवसाचा क्रमही आखण्यास सोपा आहे. पहाटे जंगल, नऊच्या सुमारास तटाच्या दरवाजापाशी गाडी सोडून पायी घाटापर्यंत, उन्हे तापण्याआधी दोन्ही टेकड्या, दुपारी एखाद्या घरी चिन्नोर तांदळाचा भात आणि भिवापुरी मिरचीचा रस्सा, मग मिरचीचे रान, सातरा, आणि उतरत्या उन्हात जलाशय. चिन्नोरलाही भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. म्हणजे ताटातले दोन पदार्थ तरी शासनाच्या शिक्क्याचे असतील. नागपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरची वाट आहे. रात्री घरी परतणारा प्रवासी वाघ न दिसल्याची कुरकुर करणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती वेळापत्रकाची आहे. अभयारण्याचे दरवाजे पावसाळ्यानंतर उघडतात, गर्दीचा मोसम हिवाळ्याचा, आणि मिरची रानात लाल होते तीही त्याच दिवसांत. नेमक्या त्याच दिवसांत भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतले मजूर टोळ्याटोळ्यांनी तेलंगणात खम्मम, वरंगळकडे मिरचीच्या तोडणीला जातात. भाताची कापणी उरकलेली असते, गावात काम नसते, आणि तिकडे तोडणीला माणूस हवा असतो. घराला कुलूप लागते, पोरांची शाळा अर्ध्यावर राहते. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे तिकडे अडकली आणि त्यांतली कित्येक जंगलवाटांनी पायी परतली. पवनीची मिरची, पवनीचा घाट आणि पवनीचे पाणी पाहुण्याला ज्यांनी दाखवावे, ती माणसे मोसमाच्या ऐन भरात परमुलखातल्या मिरचीच्या ओळींत वाकलेली असतात. दाराशी आलेल्या जीपगाड्या तेव्हा धुरळा उडवीत परतत असतात.